यादी नको, जागा मागा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अडतीस वर्षांचा, नाशिकला एका कंपनीत हिशेबाचं काम पाहतो. घरी गाण्याचं वातावरण नव्हतं. आई सकाळी भीमसेनजींचे अभंग लावायची, तेवढंच. दोन वर्षांपूर्वी एका मित्राने प्रभा अत्रे यांनी गायलेला कलावती राग पाठवला आणि मला ऐकण्याचा नाद लागला. आमच्या कॉलनीत सहा-सात जण रविवारी सकाळी एकाच्या घरी जमून ध्वनिमुद्रणं ऐकतात. त्यांनी मला बोलावलं तेव्हा फार आनंद झाला होता. आता मात्र जायची धास्ती वाटते. तिथे एक काका आहेत, त्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलंय. मी कलावतीचं नाव काढलं तर म्हणाले, "ते सोपं गाणं. कान तयार झाला की मागे पडतं." अभंग तर ते गाण्यात धरतच नाहीत. त्यांनी मला चाळीस ध्वनिमुद्रणांची यादी लिहून दिली आहे. बहुतेक मल्लिकार्जुन मन्सूर आणि केसरबाई केरकर यांची: बसंती केदार, ललितागौरी, नट कामोद, संपूर्ण मालकंस असे सगळे राग. मी मनापासून ऐकायला बसतो, पण विलंबितात, त्या संथ लयीच्या गाण्यात, दहाव्या मिनिटाला लक्ष उडतं. बाकीचे "वा" म्हणतात तेव्हा मीही म्हणतो, कशाला म्हटलं ते कळत नाही. किराणा घराणं मोठं की जयपूर, यावर वाद होतात आणि माझं मत विचारतात. सतार मला गाण्यापेक्षा जवळची वाटते, हे तर मी तिथे बोललोच नाही. पुढच्या महिन्यात ध्वनिमुद्रण लावायची पाळी माझी आहे. माझी आवड कच्ची आहे का? यादी पुरी करू, की जाणंच थांबवू? आणि पाळीला लावू काय?

एक श्रोता, नाशिक

*

आवड कच्ची नाही, जाणं थांबवायचं नाही आणि पाळीला कलावतीच लावायचा. ही उत्तरं आधी देऊन टाकते. यादीचा प्रश्न जरा मोठा आहे, त्यात शिरावं लागेल. माझा स्वतःचा ओढा जयपूर गायकीकडे आहे, तेही सांगून ठेवते. काकांच्या यादीबद्दल मी पुढे जे म्हणणार आहे, ते मन्सूर किंवा केसरबाई यांना उणं लेखून म्हणत नाही, हे लक्षात असू द्या.

कलावतीपासूनच सुरुवात करू. त्यात पाचच सूर: सा, ग, प, ध आणि कोमल नी. रिषभ (रे) नाही, मध्यम (म) नाही. कानाला तो लगेच गोड लागतो, म्हणून काका त्याला सोपा म्हणाले असतील. पण जरा गाणाऱ्याच्या बाजूने पाहा. षड्जावरून, म्हणजे सा वरून, निघालं की मधे पाय टेकायला रिषभ नाही, थेट गंधार, म्हणजे ग, गाठायचा. गंधाराच्या पुढे मध्यम नाही, सरळ पंचमावर जायचं. सूर जरासा चढा-उतरा लागला तर सावरून घ्यायला शेजारी कोणी नाही. प्रभाताईंचं ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावा आणि आलापीत फक्त गंधार ऐका. वर धैवत-निषादापर्यंत जाऊन आवाज परत खाली येतो, तेव्हा दर वेळी तो गंधार कसा लागतो, त्यावर त्या किती थांबतात, सोडताना कशा सोडतात, एवढंच पाहा. प्रभाताई सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. ही दोघंही अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं, म्हणजे सूर लावण्याची ती तालीम थेट किराणा घराण्याच्या मुळापासून आलेली. अशा गाण्यावर तुमचं मन पहिल्यांदा जडलं ही उत्तम गोष्ट झाली. ते मागे वगैरे काही पडत नाही. चाळीस-चाळीस वर्षं गाणं ऐकणारी माणसं या कलावतीकडे आणि त्यांच्या मारूबिहागाकडे परत परत येताना मी पाहते.

आता यादी. काका जाणते आहेत यात शंका नाही, तुम्ही कळवलेल्या नावांत एकही निवड हलकी नाही. अडचण क्रमाची आहे. अल्लादिया खाँसाहेबांनी कोल्हापुरात आणि नंतर मुंबईत जी जयपूर गायकी रुजवली, तिच्यात जोड रागांना, म्हणजे दोन राग मिळून झालेल्या रागांना, मोठा मान आहे. बसंती केदारात वसंत आणि केदार दोन्ही आहेत. त्यातली सगळी मजा एका रागातून दुसऱ्यात नकळत शिरण्यात आहे. गायक वसंताच्या रस्त्याने चाललाय असं वाटत असताना मधेच केदाराचा मध्यम समोर येतो आणि जाणता श्रोता चमकतो. ज्याच्या कानात वसंत वेगळा आणि केदार वेगळा मुरलेला नाही, त्याला तो सांधा सापडतच नाही. त्याला एक अवघड, सतत वळणं घेणारं गाणं तेवढं ऐकू येतं. ललितागौरीचं तेच, नट कामोदाचंही तेच. संपूर्ण मालकंसात रिषभ आणि पंचम येतात. साध्या मालकंसात हे दोन सूर वर्ज्य असतात, हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्यालाच तिथला पंचम ऐकून काहीतरी होईल. तुम्हाला काही झालं नाही, यात तुमच्या कानाचा दोष नाही.

शिवाय जयपूरवाले श्वास घ्यायलाही फारसे थांबत नाहीत. सुरुवातीपासूनच आलाप लयीत विणलेला असतो, एकातून दुसरं निघत जातं. मन्सूरांचं गाणं ऐकताना तर दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन फेरे, लक्ष हटलं की आपण मागे राहिलो असं वाटतं. हे मन्सूर लहानपणी नीलकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन मग मंजी खाँ आणि भूर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे गेले. आधी साधी, स्वच्छ ग्वाल्हेरची वाट, मग जयपूर. ऐकणाऱ्यानेही हाच क्रम धरावा असं मला मनापासून वाटतं.

केसरबाईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं. त्यांची गायकी लांब दमसासाची, तास-तासभर राग फुलवत नेण्याची. ती त्या वेळात मावणं शक्यच नव्हतं. काकांसारखे लोक या तबकड्या ऐकतात तेव्हा उरलेला राग त्यांच्या कानात आधीपासूनच असतो, राहिलेलं ते मनाने भरून काढतात. नव्या श्रोत्याकडे ती पुंजी नसते. तुम्हाला केसरबाई ऐकायच्याच असतील तर आत्ता त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी ऐका. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून जी सोनेरी तबकडी अवकाशात धाडली गेली, तिच्यात भारतातून एवढं एकच गाणं निवडलं होतं. भैरवी आपल्या सगळ्यांच्या कानात असतेच, त्यामुळे त्या साडेतीन मिनिटांत काय घडतंय ते तुम्हाला कळेल. तीन मिनिटांत सगळं देऊन जाणारं गाणंही असतं म्हणा. अब्दुल करीम खाँसाहेबांचं 'पिया बिन नाही आवत चैन' एकदा ऐका, त्यासाठी कसलीच तयारी लागत नाही.

विलंबिताकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण मला तिथे दिसते. दहाव्या मिनिटाला लक्ष उडतं, कारण त्या दहा मिनिटांत कशाची वाट पाहायची ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. किराण्याचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मुख्य गाणं, बहुधा विलंबित एकतालात असतो. मात्रा बारा, आणि एक मात्रा चारेक सेकंदांची धरली तर एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या घरात जातं. म्हणजे तुमचं लक्ष उडेपर्यंत बारा-तेरा आवर्तनंच झालेली असतात.

तेव्हा पहिले काही दिवस गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करा आणि तबला ऐका. ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. यात 'तिरकिट' दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं, तिथे डग्गा गप्प असतो. दुसऱ्यानंतर 'धी ना' येतं, तिथे डग्गा घुमतो. हे दुसरं तिरकिट कानाने पकडायला शिका. ते आलं की समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, दोनच मात्रा उरल्या. त्याच सुमाराला गायक हातातलं सगळं आवरून मुखड्याकडे, गाण्याच्या पहिल्या ओळीकडे, वळतो. कधी आरामात येतो, कधी शेवटच्या क्षणापर्यंत तान लांबवून अचूक समेवर पडतो. सुरुवातीला बरेचदा चुकेल, कारण तबलजी मधल्या जागा भरत असतो. आठवडाभरात जमायला लागेल. एकदा जमलं की दर पाऊण मिनिटाला तुम्हीही गायकाबरोबर समेची वाट पाहू लागता, आणि लोक "वा" कुठे म्हणतात त्यातलं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

मग दुसरी गोष्ट. गायक आत्ता कुठल्या सुरावर मुक्कामाला आहे? किराण्याच्या बढतीत तो एकेका सुराजवळ थांबत थांबत वर सरकतो. भीमसेनजींचा पूरिया धनाश्री किंवा शुद्ध कल्याण लावा आणि वरच्या षड्जाची वाट पाहा. तिथे पोचायला ते किती वेळ घेतात, निषादापर्यंत जाऊन किती वेळा माघारी फिरतात आणि शेवटी तो षड्ज लागतो तेव्हा खोलीतली हवा कशी बदलते, हे अनुभवायचं. यात पंधरा-वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही.

आणि हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी हे पोटतिडकीने सांगते. त्यातून तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा जवळपास नाहीसाच होतो, मग विलंबित कंटाळवाणं वाटणारच. साधे बरे इयरफोन किंवा घरातला जुना डेक चालेल. गाडी चालवताना द्रुत चीज (जलद लयीतली बंदिश), तराणा, नाट्यपद काहीही लावा, बडा ख्याल नको.

अभंगांचं. काका म्हणतात ते एका अर्थी खरं आहे, अभंग म्हणजे ख्याल नव्हे. पण ख्यालाकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो आणि महाराष्ट्रात तर बहुतेकांचा तसाच गेलाय. 'इंद्रायणी काठी' तुम्हाला पाठ असेल. १९५३च्या 'गुळाचा गणपती'तलं, चाल पु. लं.ची. तो भीमपलास आहे. म्हणजे तुमच्या आईने तुमच्या कानात भीमपलास कधीच घालून ठेवलाय, तुम्हाला नाव ठाऊक नव्हतं इतकंच. आता कुणाचाही भीमपलासातला ख्याल लावा, पहिल्या पाच मिनिटांत ओळखीचा चेहरा भेटेल. नाट्यपदांचाही असाच उपयोग करून घ्या. 'नाथ हा माझा' म्हणजे यमन, 'मम आत्मा गमला' म्हणजे बिहाग. दोन्ही १९१६च्या 'स्वयंवर' नाटकातली आणि दोन्हींच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या.

या भास्करबुवांचं नाव त्या किराणा-जयपूरच्या वादातही तुमच्या उपयोगी पडेल. त्यांनी ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँकडे घेतली, आग्र्याची नत्थन खाँकडे आणि जयपूरची अल्लादिया खाँकडे. तिन्ही वेगवेगळी, तिन्ही पचवलेली. १९११ साली पुण्यात ज्यांनी भारत गायन समाज काढला आणि बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांना ज्यांनी घडवलं, त्यांना घराण्यांची भिंत आड आली नाही. आपल्या काळातले उल्हास कशाळकर ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्ही वाटांनी गातात. गाणारे एकमेकांचं ऐकून घेतात, घेण्यासारखं असेल ते घेतात. कोण मोठं हा झगडा बहुतांशी ऐकणाऱ्यांचा असतो. तुम्हाला मत विचारलं तर "मी अजून दोन्ही ऐकतोय" एवढं सांगा. ते खरंही आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

घराणं ओळखायला शिकणं ही मात्र आनंदाची गोष्ट आहे, ती टाळू नका. तुम्हाला लांबण सोसत नाही तर मी आधी ग्वाल्हेरकडे पाठवीन. चीज स्पष्ट, अस्ताई-अंतरा नीट भरलेला, फार न रेंगाळता पुढे जाणारं गाणं. द. वि. पलुस्कर ऐका. विष्णू दिगंबरांचे हे चिरंजीव १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, पण जेवढं ठेवून गेले त्यात एक सूर मळलेला नाही. हैदराबादच्या मालिनी राजूरकर ऐका, त्यांनी गायलेला टप्पा हा गानप्रकार ऐकाल तर अंगावर काटा येईल. कुमार गंधर्व मी मुद्दाम कुणाच्या यादीत घालत नाही. ते ज्याचे त्याला भेटतात, बहुधा निर्गुणी भजनांतून. ती ऐकत असालच.

सतारीचं तुम्ही बैठकीत बोलला नाहीत, ते बोला. आपल्याकडे ख्यालावर इतकं प्रेम आहे की वाद्य ऐकणाऱ्याला उगीच दुसऱ्या पंगतीत बसवलं जातं. हे मला कधीच पटलेलं नाही. निखिल बॅनर्जींचा आलाप ज्याला अर्धा तास धरून ठेवतो, त्याला विलंबित समजत नाही असं कसं म्हणायचं? जे सूर सतारीवर पडताना तुम्ही ऐकता तेच गळ्यातून यायचे आहेत. विलायत खाँसाहेब तर गळ्यातलंच सतारीवर आणायचे. त्यांचा यमन आणि कुणाचाही गायलेला यमन एका आठवड्यात आलटून पालटून ऐका. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, कुठे ओढली जाते, गळ्यात ती कशी येते, हे तुमच्या आपोआप लक्षात येईल. सतार जवळची असणं ही तुमची जमेची बाजू आहे.

मग चाळीसांच्या यादीऐवजी काय? एक राग घ्या आणि महिनाभर तोच ऐका. रोज नको, पण इतकं की पुढची जागा, म्हणजे गाण्यातला पुढचा खास क्षण, यायच्या आधी तुम्हाला ती आठवू लागेल. पहिल्या महिन्यात मालकंस घेतलात तर मला आवडेल, कारण तो दोन गळ्यांत इतका वेगळा होतो की ऐकणं म्हणजे काय ते त्यातून कळतं. सूर दोघांचे तेच: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. अमीर खाँसाहेब 'जिनके मन राम बिराजे' झुमरा तालात इतक्या धीम्या लयीत घेतात की सुरुवातीला लय हाताला लागत नाही. आवाज मोठा करायचाच नाही असं ठरवल्यासारखे ते खालच्या सप्तकात राहतात. भीमसेनजी 'पग लागन दे' सुरू करतात आणि थोड्याच वेळात सगळी खोली भरून जाते. मग 'रंगरलियाँ करत' या द्रुत चिजेतल्या ताना. पंधरा दिवस एक, पंधरा दिवस दुसरा. कुठला जास्त आवडला ते वहीत लिहा आणि का ते दोन ओळींत लिहा. 'छान', 'अप्रतिम' हे शब्द न वापरता. एवढं झालं की काकांच्या यादीतला संपूर्ण मालकंस काढा. आता तो पंचम तुम्हाला नक्की ऐकू येईल. पुढे केदार, मग वसंत, आणि मग बसंती केदार. असं करत यादी वर्षा-दोन वर्षांत निम्मी होईल, तुम्हाला कष्ट न पडता. उरलेली नाही झाली तरी चालेल.

"वा" बद्दल. जिथे तुम्हाला काही झालं नाही तिथे म्हणू नका. गप्प बसलेल्या श्रोत्याला बैठकीत कुणी हटकत नाही. खोटी दाद देत राहिलं की आपल्याला खरंच कुठे काय वाटतं तेच कळेनासं होतं, नुकसान तुमचं होतं. त्याऐवजी ध्वनिमुद्रण संपल्यावर काकांना विचारा, "काका, यातली तुमची सगळ्यात आवडती जागा कोणती? तेवढीच परत लावाल का?" ते लगेच मागे नेऊन दाखवतील. ती जागा येण्याआधी काय झालं होतं, इथे बुवांनी काय चुकवलं, सम कशी घेतली, सगळं सांगतील. असा प्रश्न आल्यावर न खुललेला जुना श्रोता माझ्या पाहण्यात नाही. यादीतून जे तुम्हाला मिळालं नाही ते अशा पाच मिनिटांत मिळेल. काकांचा कडकपणाही थोडा समजून घ्या. त्यांच्या पिढीला ऐकायला मिळणं हेच कठीण होतं. १९५२ साली आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर कितीतरी वर्षं माणसं शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसायची. हुकलं की हुकलं. एवढ्या मिनतवारीने मिळवलेलं गाणं तुम्हाला एका दमात द्यायची त्यांना घाई झाली आहे, असं मला त्या यादीकडे पाहून वाटतं.

आणि समोर बसून ऐका. डिसेंबरात पुण्याला जाऊन एखादं सत्र 'सवाई'त बसा. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव एकदा अनुभवायलाच हवा. मात्र रोजच्या ऐकण्यासाठी गावातल्या छोट्या बैठका, गायनवर्गांच्या गुरुपौर्णिमा जास्त कामाच्या. दहा फुटांवर बसलेल्या गायकाला सूर लावताना पाहिलं, तंबोरा जुळवताना जवारीसाठी, तारेचा नाद खुलावा म्हणून, चाललेली खटपट पाहिली, की घरी ऐकताना फरक पडतो.

राहिली तुमची पाळी. कलावती हा रात्रीचा राग आणि तुमची बैठक रविवारी सकाळची. काका पहिला आक्षेप तिथेच घेतील आणि तो घ्यायला हवाच. ध्वनिमुद्रण म्हणून काय, केव्हाही ऐकता येतं, पण कलावती सकाळी नऊला खरंच पडतो. तेव्हा आधीच सगळ्यांना विचारून एवढ्या एका वेळेला बैठक शनिवारी रात्री नऊ वाजता आपल्या घरी ठेवा. दिवा मंद, फोन बंद, चहा आधी उरकलेला. लावण्यापूर्वी भाषण नको. "मला यातला गंधार आवडतो, तो ऐका" एवढं एकच वाक्य बोला आणि लावा. संपल्यावर मिनिटभर कुणी काही बोलू नये असं आधी सांगून ठेवा. नंतर काकांनी पुन्हा सोपं म्हटलं तर वाद न घालता म्हणा, "तुम्हाला आवडणारा कलावती कुणाचा? पुढच्या वेळी तो ऐकू या."

रात्र चढलेली असेल, लोक उठायला राजी नसतील. मग मालकंस काकांवर सोपवा. अमीर खाँसाहेबांचा की भीमसेनजींचा, ते त्यांनाच ठरवू द्या. तुमचे महिनाभर दोन्ही ऐकून झालेले असतील.